विश्लेषण : जुन्या ‘थार’ला आधी काय हवे, मोठे टायर की नवे ब्रेक ऑइल?

महिंद्राची पहिली ‘थार’ ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आली. त्या पहिल्या खेपेतल्या गाड्यांच्या नोंदणीची १५ वर्षे २०२५ च्या अखेरीपासून भरू लागली आणि आता दर महिन्याला आणखी काही गाड्या त्या टप्प्यावर येत आहेत. गाडी पुढे ठेवायची ठरली, की मालकाच्या हाती दोन याद्या येतात. एक मिस्त्रीने बिलाच्या पाठीमागे लिहिलेली : ब्रेकचे होज पाइप, पाट्यांचे बुश, बॉल जॉइंट, रेडिएटरची नळी, हबचे सील. दुसरी मोबाइलमध्ये जपून ठेवलेली : मोठे टायर, लिफ्ट किट, लोखंडी बंपर, विंच, छतावरची एलईडी पट्टी. पैसे मात्र एकाच यादीपुरते असतात. बऱ्याचदा दुसरी यादी जिंकते, कारण ती फोटोत दिसते. बुश फोटोत दिसत नाही.

हा क्रम उलटा आहे. पहिली यादी संपेपर्यंत दुसऱ्या यादीतली एकही वस्तू गाडीवर चढू नये. यामागे हौसेला विरोध नाही, साधे यंत्रशास्त्र आहे.

पहिली ‘थार’ वेगळी कशी?

या गाडीच्या सीआरडीई आवृत्तीत २,४९८ सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे आणि २४७ न्यूटन-मीटर टॉर्क देणारे डिझेल इंजिन आहे. पुढे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेन्शन, मागे पाटे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम. फोर-व्हील ड्राइव्हसाठी गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा लहान दांडा. २०१५ च्या सुधारित आवृत्तीत मागच्या अ‍ॅक्सलला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळाले. एबीएस मात्र थेट २०१९ च्या ‘थार ७००’ या मर्यादित आवृत्तीत आले. एअरबॅग शेवटपर्यंत आल्याच नाहीत. मागे बसायला दोन आडवी बाके. बाहेरून कितीही दणकट दिसली तरी अपघातात आतल्या माणसांना वाचवण्याच्या बाबतीत ही गाडी आजच्या साध्या हॅचबॅकच्याही मागे आहे आणि बाजारात मिळणारे कोणतेही किट ही उणीव भरून काढत नाही. म्हणूनच अपघात टाळणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग, इथे इतर कुठल्याही गाडीपेक्षा जास्त महत्त्वाच्या ठरतात.

तिची जमेची बाजूही मोठी आहे. ‘बोलेरो’ आणि ‘स्कॉर्पिओ’ या भावंडांशी तिचे पुष्कळसे यांत्रिक नाते आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही तिच्याखाली आत्मविश्वासाने शिरतो. परदेशी बनावटीच्या जुन्या एसयूव्हीच्या मालकांना हे सुख नाही.

फोर-व्हील ड्राइव्ह खरोखर लागते, की फक्त दिवा लागतो?

जुन्या गाडीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. ही ‘पार्ट-टाइम’ फोर-व्हील ड्राइव्ह आहे. एरवी इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना जातो. दांडा ‘४एच’ला टाकला की ट्रान्सफर केस पुढच्या आणि मागच्या प्रोपेलर शाफ्टला एकत्र जोडते. पण पुढच्या चाकांपर्यंत जोर पोहोचण्यासाठी आणखी एक पायरी उरते. पुढच्या हबमधले लॉक बसावे लागते आणि ते निर्वाताच्या, म्हणजे व्हॅक्यूमच्या, बळावर बसते. हा निर्वात इंजिनपासून हबपर्यंत बारीक रबरी नळ्यांतून जातो.

दहा-बारा पावसाळे खाल्लेली ही नळी एका ठिकाणी तडकली, उंदराने कुरतडली किंवा हबचे सील गळू लागले, की लॉक बसत नाही. डॅशबोर्डवरचा दिवा ट्रान्सफर केसमधली जोडणी झाल्याचे सांगतो, हबमधली नाही. मालक निर्धास्त असतो. ताम्हिणीच्या एखाद्या फाट्यावर चिखलात मागची चाके गरगरतात, पुढची ढिम्म राहतात, आणि ‘महिंद्राची फोर-बाय-फोर काही कामाची नाही’ असे मत तयार होते. कारण असते हाताच्या लांबीची एक नळी.

तपासायला गॅरेज लागत नाही. मोकळ्या मैदानात, मातीवर किंवा खडीवर, ‘४एच’ लावून स्टिअरिंग पूर्ण वळवायचे आणि सावकाश गोल फेरी मारायची. गाडी अडखळत, ओढ घेत चालली तर पुढची चाके जोडली गेली आहेत. स्टिअरिंग नेहमीसारखे हलके राहिले आणि गाडी सहज फिरली, तर नळ्या आणि हब तपासायला हवेत.

हीच चाचणी डांबरी रस्त्यावर का करायची नाही, याचे कारणही याच रचनेत आहे. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचे अंतर कापतात. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतील तर हा फरक कुठे तरी जिरायला हवा. मातीत चाक थोडे घसरते आणि फरक जिरतो. डांबरावर चाक घसरत नाही, त्यामुळे ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर चढत जातो. ‘रस्ता ओला आहे, म्हणून घाटात फोर-व्हील लावून चालवतो’ असे सांगणारे मालक आपल्याच गाडीची झीज वाढवत असतात.

याच्या उलट टोकाचे मालकही आहेत : तीन-तीन वर्षे तो दांडा न हलवणारे. मग गरजेच्या वेळी दांडा जागेवरून हलत नाही. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर एखादा किलोमीटर ‘४एच’ आणि थोडे ‘४एल’ लावले, तर आतले ऑइल सगळीकडे फिरते आणि जोडण्या मोकळ्या राहतात.

पाणी ओलांडल्यावर डिफरन्शियल का तपासायचे?

तासभर चालून डिफरन्शियलचे घर तापलेले असते. गाडी ओढ्यात उतरते, घर एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि दाब कमी होतो. बाहेर पाणी असेल तर हवेऐवजी पाणी आत ओढले जाते. हवेची ये-जा व्हावी म्हणून वर एक छोटी वाट असते, तिला ब्रीदर म्हणतात. जुन्या गाडीत ती चिखलाने बुजलेली असते. मग पाणी शाफ्टच्या सीलमधून वाट काढते.

ऑइलमध्ये पाणी मिसळले की त्याचा रंग दुधाळ चहासारखा होतो आणि गिअरच्या दातांवरचे संरक्षण जाते. तपासण्याची युक्ती जुनीच आहे. गाडी रात्रभर उभी ठेवायची आणि सकाळी हलवण्याआधी ड्रेन प्लग थोडासा सैल करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते आणि आधी तेच ठिबकते.

यावरचा उपाय म्हणजे ब्रीदरला लांब नळी जोडून तिचे तोंड बॉनेटखाली उंचावर नेणे. जुन्या फोर-बाय-फोरवर करता येणाऱ्या सगळ्या ‘अपग्रेड’मध्ये ही बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. स्नॉर्केल बसवलेल्या कित्येक गाड्यांचे ब्रीदर मात्र मुळातल्याच जागी असतात. इंजिनाला श्वास घेण्याची सोय झाली, अ‍ॅक्सल तसेच बुडाले.

घाट उतरताना काय पणाला लागते?

माणसे आणि सामानासह दोन टन भरणारी गाडी ६०० मीटर खाली उतरली, की सुमारे पावणेबारा मेगाज्युल ऊर्जा मोकळी होते. साधारण ३५ लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात जाताना हे दर वेळी घडते. यातली जितकी उष्णता इंजिन आणि खालचा गिअर सोसणार नाही, तितकी ब्रेकवर येते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषलेल्या अवस्थेत तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. उताराच्या शेवटच्या वळणांवर कॅलिपर तापले आणि ऑइल उकळले, की नळीत वाफ तयार होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. पेडल सरळ खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

दर दोन वर्षांनी ऑइल बदलून ब्रेकची हवा काढणे हे काम अर्ध्या दिवसाचे. पण ‘ऑइल कमी झाले की वरून टाकायचे’ ही सवय इतकी रुजली आहे, की पंधरा वर्षांच्या गाडीत काही थेंब तिच्या जन्माच्या वेळचे असावेत. सोबत रबरी ब्रेक होजही बदलायला हवेत. बाहेरून धड दिसणारी नळी आतून फुगलेली असते. मग पेडल सोडल्यावरही एका चाकाचा ब्रेक धरून राहतो, ते चाक तापते आणि गाडी एका बाजूला ओढते.

टायरचेही तसेच. जुनी ‘थार’ अनेक घरांत दुसरी गाडी असते, वर्षाला जेमतेम काही हजार किलोमीटर चालते. नक्षी शाबूत, म्हणून टायर चांगले, असा समज होतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. रबर किलोमीटरने झिजते, तसे वर्षांनी कडकही होते, आणि कडक रबर ओल्या डांबरावर धरत नाही.

मोठ्या टायरने नेमके काय बदलते?

सीआरडीई ‘थार’चा मूळ टायर २३५/७० आर१६, व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर. लिफ्टसोबत बरेच जण २६५/७५ आर१६ घालतात, त्याचा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर. वाढ नऊ टक्क्यांहून थोडी जास्त.

मिळते काय? अ‍ॅक्सलखालची उंची व्यासातल्या वाढीच्या निम्मी, म्हणजे साधारण ३४ मिलिमीटर. खडकाळ वाटेवर हा फायदा खरा आहे. जाते काय? स्पीडोमीटरवर ८० दिसत असताना गाडी आधीपेक्षा नऊ टक्के जास्त, म्हणजे ८७ च्या आसपास धावते. प्रत्येक गिअर तेवढाच ‘उंच’ होतो. चढावर चाकापाशी मिळणारा जोर साडेआठ टक्क्यांनी घटतो आणि क्लच जास्त घासला जातो. ब्रेकचेही तेच : कॅलिपर तोच, पण चाक मोठे, त्यामुळे जमिनीशी मिळणारे रोखण्याचे बळ तेवढ्याच प्रमाणात कमी. जड चाकाचा भार बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग आणि स्टिअरिंगवर पडतो तो निराळाच. हे भाग आधीच थकलेले असतील, तर मोठा टायर त्यांना लवकर निवृत्त करतो.

उंची वाढवण्याची स्वस्त पद्धत आणखी फसवी. पुढचे टॉर्शन बार आवळले की गाडीचे नाक वर येते. चाकाची वरखाली होण्याची एकूण जागा मात्र तेवढीच राहते. उलट चाक आता खालच्या टोकाजवळ लटकत असते, त्यामुळे खड्ड्यात ते पुरेसे खाली उतरत नाही. ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात आणि त्यांच्या जोडावरचे रबरी बूट फाटतात. आत चिखल गेला की जोड कटकट करू लागतो. मागे लांब शॅकल लावले तर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि गाडी ठरावीक वेगाला थरथरते. मग ‘बॅलन्सिंग’वर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

चांगले लिफ्ट किट नसतेच, असे नाही. पण ते नव्या बुश, नव्या शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि नीट अलाइनमेंटसह बसते. केवळ नवे पाटे आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर घालून गाडी मूळ उंचीवर आणली, तरी बसकण मारलेली ‘थार’ चांगलीच वर येते. अनेकांना हवी असलेली उंची एवढ्यातच मिळते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. काही बदल नोंदणी प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीने होतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. लोखंडी क्रॅश गार्डबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करण्यास कळवले होते.

प्रत्यक्षात दुकाने उघडपणे ही कामे करतात, रस्त्यावर क्वचित कुणी हटकते आणि नूतनीकरणाच्या दिवशी सगळे आठवते. बंपर, टायर, दिवे उतरवून मूळ भाग परत बसवले जातात, तपासणी होते आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा सजते. या खेळातून कुणाचीच सुरक्षा वाढत नाही. सुटे हब, पुरेसे रुंद टायर, प्रमाणित टो-हूक यांसारख्या बदलांसाठी ठरावीक, छापील आणि तपासता येईल अशी मान्यतेची वाट असायला हवी. ती नाही, म्हणून चांगले काम करणारा कारागीर आणि वेल्डिंगचे ठिगळ मारणारा, दोघेही एकाच करड्या पट्ट्यात उभे आहेत. मालकाने एवढे तरी ओळखावे, की विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगावर येऊ शकतो.

मग खर्च कुठे करावा?

दिव्यांपासून सुरुवात करता येईल. जुन्या गाडीचे हेडलाइट मंद वाटतात ते बहुतेक वेळा बल्बमुळे नव्हे. वायर, स्विच आणि गंजलेल्या जोडण्यांत व्होल्टेज हरवते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात नव्हे, त्याच्या कितीतरी पट वेगाने घटतो. साडेतेराऐवजी बारा व्होल्ट मिळाले तरी उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होतो. चांगल्या तारेचा रिले हार्नेस बसवला की तेच बल्ब उजळतात, समोरच्याच्या डोळ्यांत एलईडीचा झोत जात नाही आणि कायदाही मोडत नाही.

दुसरा खर्च थंडाव्याचा : रेडिएटर, थर्मोस्टॅट, होज, कूलंट. उन्हाळ्यात ‘४एल’मध्ये सावकाश चढताना समोरून वारा नसतो आणि इंजिन तापते. तिसरा डिझेल फिल्टरचा. कॉमन रेल इंजेक्टरला पाणी अजिबात चालत नाही, म्हणून फिल्टरच्या तळाचे पाणी वेळोवेळी सोडायचे. इंजिनचे ‘रिमॅप’ या यादीत सर्वांत शेवटी, किंवा नकोच. थकलेल्या क्लचला आणि गिअरबॉक्सला जादा टॉर्क देऊन कुणाचे भले झालेले नाही.

गंजाला मात्र थांबायला वेळ नसतो. कोकणात राहिलेल्या किंवा किनाऱ्यावर वाळूत फिरवलेल्या गाडीच्या चॅसीत, पोकळ भागांच्या आत मीठ बसते. वरून काळे अंडरबॉडी कोटिंग मारले तर गंज झाकला जातो, थांबत नाही. आधी पाण्याने धुणे, खरवडणे, गंजरोधक प्रायमर, मग रंग आणि पोकळीत मेणयुक्त फवारा, असा क्रम हवा. काळ्याकुळकुळीत, चकचकीत चॅसीची जुनी गाडी विकायला आली तर भुलण्याऐवजी शंका घ्यावी.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला ही ठिकाणे मालकांना पाठ असतात. तिथे जुना दरवाजा, काच, सीटचा सांगाडा, बॉनेट घ्यायला हरकत नाही. जुने ब्रेक, बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगचे भाग मात्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. मूळ कंपनीच्या खोक्यात नकली माल मिळण्याचा धोका वेगळा, त्यासाठी पक्के बिल मागावे.

धुराचे काय?

जुन्या डिझेल गाड्यांवरचा हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होण्यापूर्वीच्या या गाडीत धुरातले सूक्ष्म कण अडवणारा फिल्टर नाही. कितीही चांगली राखली तरी ती नव्या गाडीइतकी स्वच्छ होणार नाही. पीयूसीचा कागद एवढेच सांगतो, की धूर ठरलेल्या मर्यादेत आहे. म्हणून रोज शहरातल्या कोंडीत ऑफिसला जाण्यासाठी पंधरा वर्षांची डिझेल एसयूव्ही वापरण्याचे समर्थन अवघड आहे. महिन्यातून दोनदा भोर-महाडच्या वाटेला लागणाऱ्या, इंजेक्टर आणि ईजीआर साफ असलेल्या गाडीचे समर्थन करता येते. काळा धूर सोडत ‘रोलिंग कोल’चे व्हिडीओ काढणाऱ्याचे नाही.

नूतनीकरणाची वेळ आली की…

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करायचा. कारसाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये आहे, आधी ते ६०० होते. २० वर्षांहून जुन्या कारसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते दहा हजार झाले. उशीर झाल्यास दर महिन्याला ५०० रुपये जादा. राज्याचा पर्यावरण कर वेगळा आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते.

तपासणीला नेण्याच्या दोन महिने आधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून पाहावी. ब्रेक ऑइल बदलावे, होज बदलावेत, स्टिअरिंगची ढिलाई काढावी, चाकांच्या बेअरिंगचा खेळ बघावा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरावे, ब्रीदरची नळी वर न्यावी आणि मातीच्या मैदानावर ‘४एच’ची ती गोल फेरी मारून पाहावी. मिस्त्रीची यादी एवढीच असते. तिच्यातून पैसे उरले, तर टायरच्या दुकानाकडे वळता येते.